उरलेली दोन अक्षरं

लडलो, ११ एप्रिल १९९४

क्लेम,

१४ आडवा चुकला आहे.

नियम तुला पाठ असणार, तरी छापील कार्डावर असतो तसा लिहिते. ज्याचं कोडं चुकलं असेल आणि ज्याने तिकीट लावून, स्वतःचा पत्ता घालून पाकीट सोबत पाठवलं असेल, त्याला तपासनीस उकल लिहून कळवेल. बारा वर्षं तू दर आठवड्याला पाकीट पाठवतोस आणि बारा वर्षांत तुझं एक अक्षर चुकलं नाही. त्यामुळे सख्ख्या भावाला लिहायला मला कारण मिळालं नाही. आज मिळालं.

क्लू असा होता: 'पुढून आलं काय, मागून आलं काय, बंदराला सारखंच (३)'. प्रत्येक क्लूत दोन गोष्टी दडलेल्या असतात, एक सरळ अर्थ आणि एक अक्षरांचा खेळ, आणि दोन्ही वाटांनी एकाच शब्दावर पोचायचं असतं. हे तुला सांगणं म्हणजे माशाला पोहायला शिकवणं आहे, पण उकल अगदी पहिल्यापासून लिहावी असा आपल्या शब्दकोड्यांच्या साप्ताहिकाचे संपादक मि. ऑर्मरॉड यांचा दंडक आहे. तर, बंदरात येतं ते जहाज, आणि जहाज पुढून वाचा की मागून, जहाजच. तू लिहिलंस 'जहाल'. मागून वाचलं तर 'लहाज' होतं, आणि लहाज नावाची वस्तू या देशात तरी कुणी पाहिलेली नाही.

यापेक्षा अवघड क्लू तू सातव्या वर्षी सोडवत होतास. बाबा समोर बसायचे, उकल तोंडाने सांगितल्याशिवाय शाईने लिहू द्यायचे नाहीत, आणि नाही सांगता आली तर टोस्टला मार्मलेड नाही. मी कित्येक सकाळी कोरडा टोस्ट खाल्ला. तू एकदाही नाही.

म्हणून विचारते, ही चूक मुद्दाम केलीस का? मी लिहावं म्हणून?

तुझं कोडं सकाळच्या टपालात आलं. तेव्हापासून मी दोनदा किल्ल्यापर्यंत जाऊन आले, किटली जाळली, आणि बाकीची एकशे चाळीस कोडी तशीच पडली आहेत. १९८२ चं प्रकरण मी उकरत नाही. ते झालं गेलं.

हेस्टर ब्रामॉल,
तपासनीस


लडलो, १९ एप्रिल

क्लेम,

या वेळी दोन चुका. आता माझी खात्री झाली.

पहिली ९ उभा. 'गरम होऊन सगळी गडबड केली, आता नदीत दबा धरून बसलीय (३)'. 'गडबड' म्हटलं की अक्षरं विस्कटायची, हे आपण दात पडायच्या वयात शिकलो. 'गरम' विस्कटला की नदीतली मगर. तू पहिल्या घरात 'मा' लिहिलास. 'मागर' म्हणजे काय रे? दुसरी चूक २१ आडव्यात. तिथे एक 'ण' येऊन बसलाय, ज्याचा आगापिछा काही नाही. आणि अक्षर काय हे? चौकटीच्या रेघा ओलांडून गेलंय. तुझं अक्षर छापल्यासारखं असायचं, माझं नव्हे.

हे सगळं तू घाईत केलंस असं मला दाखवायचंय, हो ना? मी तुला ओळखते. तू सरळ 'हेस्टर, कशी आहेस' असं लिहिणार नाहीस. मीही लिहिलं नसतं.

एक सांगून टाकते. ज्यांतून उकल पाठवावी लागली नाही ती पाकिटं तपासनिसाने फाडून टाकायची असतात. तुझी मी फाडली नाहीत. सहाशेच्या वर झालीत, बुटांच्या खोक्यांत ठेवलीत, आणि तीन वेळा घर बदललं तेव्हा तिन्ही वेळा सोबत आणलीत. दर सोमवारी तुझं पाकीट दिसलं की मला कळायचं, क्लेम आहे, क्रोमरलाच आहे, हात चालतोय. ज्या सोमवारी टपाल उशिरा यायचं त्या सोमवारी मी कुणाशी धड बोलायची नाही. शेजारीण म्हणते, 'तुमचं आणि टपालवाल्याचं काही आहे का हो?' मी म्हणते, 'आहे, भांडण आहे.'

आपण दोघं मिळून 'बगळा' होतो तेव्हा बरं होतं. चौकट मी आखायची, क्लू तू लिहायचे, आणि कोड्याखाली एकच नाव दोघांचं. लोक विचारायचे, बगळ्याची चोच कोण आणि पाय कोण. कोडेकारांच्या वार्षिक जेवणात अजून एखादा म्हातारा विचारतो, बगळा परत कधी? मी सूपमध्ये बघते.

पुढच्या कोड्यात काय चुकवणार आहेस, याची वाट बघते आहे.

हेस्टर


लडलो, ४ मे

क्लेम,

सापडलं.

गेल्या आठवड्यात 'र', या आठवड्यात 'क' आणि 'फ'. मी अक्षरं पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहून स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडली. ल, मा, ण, र, क, फ. दोन दिवस त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर जेवले, उभ्याने. काल सकाळी अंडं उकडायला टाकून सहज मागे वळून बघितलं आणि चार तुकडे आपसूक जुळले. मा, फ, क, र.

माफ कर.

'ल' आणि 'ण' उरले. ते तू मला चकवायला घातले असणार, नाहीतर फारच सोपं झालं असतं. अंड्याचा दगड झाला. मी टेबलाशी बसून रडले, हेही सांगते, कारण आता लपवायचं काय.

क्लेम, माफ केलं. मनापासून केलं. बारा वर्षं मी या दोन शब्दांची वाट बघत होते, आणि तू ते असे पाठवलेस, चार आठवडे लावून, स्वतःचा बिनचूकपणाचा विक्रम मोडून. दुसऱ्या कुणाला हे सुचलं नसतं. ऑक्टोबरात जेवण आहे, तू ये. मि. ऑर्मरॉडांशी मी बोलते. लोक विसरलेत. चूक सगळ्यांच्याच हातून होते, आणि मान्य केली की संपते.

इथे दिवस छान पडलेत. टीम नदीकाठी लोक सँडविच घेऊन बसतात. मी मात्र बसूच शकत नाही, काठाने चालतेच आहे. उत्तर लवकर पाठव, आणि या वेळी सरळ पाठव.

तुझी
हेस्टर


लडलो, १३ मे

क्लेम,

'कशाबद्दल?'

बारा वर्षांनी भावाचं कार्ड येतं, आणि त्यावर एवढा एकच शब्द. तोही काळ्या जाड पेनाने, इंच इंच उंचीच्या अक्षरांत, कार्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, वर चढत गेलेला. ओरडायची ही कुठली पद्धत? टपालवाल्याने वाचलं असेल. शेजारणीने तर नक्कीच वाचलंय, कारण दुपारी ती विचारत होती, 'कुणी रागावलंय का तुमच्यावर?'

कशाबद्दल, ते मी सांगते. ऑक्टोबर १९८२. बगळ्याच्या कोड्यात ७ आडवा: 'काका गदगदले, पोटात शिरून जे मिळेल त्यावर लिहा (३)'. 'काका गदगदले' या अक्षरांच्या पोटात ओळीने का, ग, द. कागद. सुंदर क्लू, सगळ्यांनी वाखाणला. आठवड्याभरात एका वृद्ध कोडेकाराचं पत्र आलं, सोबत १९५७ चं कात्रण. शब्द न् शब्द तोच क्लू, त्यांचा. दुसऱ्याचा क्लू उचलणं आपल्यात काय समजतात ते तुला सांगायला नको. बायको पळवलेली लोक विसरतात, क्लू पळवलेला नाही.

मि. ऑर्मरॉडांचा फोन मला आला. मी त्यांना लिहून कळवलं की क्लू क्लेम लिहितो, चौकट मी आखते, आणि भावाच्या हातून झालेल्या चुकीबद्दल मी दिलगीर आहे. तुला त्यांनी विचारलं. तू मूग गिळून बसलास. हो नाही, नाही नाही. ते मला म्हणाले, 'हेस्टर, गप्प बसणारा माणूस कबूलच करत असतो. यापुढे क्लेमचं काही छापता येणार नाही.' तीन महिन्यांनी तपासनिसाची जागा त्यांनी मला देऊ केली. मी मागितली नव्हती.

एकच क्लू दोघांना वेगवेगळा सुचू शकतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तेवढं जरी तू म्हणाला असतास तरी निभावलं असतं. का नाही बोललास? याचं उत्तर मला माहीत नाही असं नाही.

हे शेवटचं वाक्य खोडायला हवं. पण पान परत लिहायचा धीर नाही. राहू दे.

या आठवड्याच्या कोड्यात तुझ्या पाच चुका आहेत. उत्तरं बरोबर आहेत, पण एक अख्खी ओळ एक घर सरकवून लिहिली आहेस. याची उकल काय द्यायची मला कळत नाही. थट्टा करत असलास तर पुरे झाली.

हेस्टर


लडलो, २४ मे

क्लेम,

काल तुझ्याकडचं पाकीट आलं, पण पत्ता दुसऱ्याच हाताचा. आत तुझ्या शेजारणीचं पत्र. तुला न विचारता लिहिलंय तिने. आता हेही तीच तुला वाचून दाखवणार, तेव्हा तिचं तिलाच वाचू दे. ती म्हणते:

'बाई, मी थेल्मा लार्टर, क्लेमच्या पलीकडच्या घरातली. तुमची पत्रं मीच वाचून दाखवते त्याला. फेब्रुवारीपासून त्याच्या डोळ्यांचं बिनसलंय. मधलं काही दिसत नाही, कडेकडेचं दिसतं. मला म्हणाला, थेल्मा, तुझं तोंड दिसत नाही, नुसते कान दिसतात. मी म्हटलं, नशीब काढलंस. नॉरिचचे डॉक्टर म्हणतात, आहे हे टिकवायचं, गेलेलं येणार नाही. तुमचं कोडं तो भिंग घेऊन तीन तीन दिवस भरत बसतो. मी म्हटलं, तू सांग, मी भरते. तर म्हणे, तुझं अक्षर बघून तिला कळेल. चुका बिका तो काही मुद्दाम करत नाही हो, त्याला घरंच दिसत नाहीत. तुमचं ते माफीचं पत्र वाचलं तेव्हा एवढा हसला की चहा सांडला अंगावर. मग दोन दिवस तोंडातून शब्द नाही. त्या कार्डावरच्या एका शब्दासाठी चार कार्डं वाया घालवली त्याने. तुम्ही शहाण्या दिसता, पण ओरडतोय म्हणे. आंधळा माणूस मोठं नाही लिहिणार तर काय बारीक लिहील?'

मी हे पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

क्लेम, दोन अक्षरं उरली होती. कुठलंही पोर सांगेल, अक्षरं उरली म्हणजे उत्तर चुकलं. रोज लोकांना हेच लिहिते मी. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा मला हवं ते उत्तर ठोकून दिलं. तुझे डोळे जात होते आणि मी पुठ्ठ्याचे तुकडे मांडत बसले होते. वर तुला माफ केलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मिसेस लार्टर, आता पुढचं न थांबता वाचा. मध्ये काही बोलू नका.

तो कागदाचा क्लू मी तुला दिला होता. सप्टेंबरात, तुझ्या स्वयंपाकघरात, तू बटाटे सोलत होतास. तू सुरी खाली ठेवलीस आणि म्हणालास, 'हेस्टर, हा तुझा?' मी म्हणाले, 'मग कुणाचा?' तेव्हा मला खरंच तो माझा वाटला होता. पण ऑर्मरॉडांना पत्र लिहिताना तो तुझा नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी 'क्लू क्लेम लिहितो' असं लिहिलं. शंभरातल्या नव्याण्णवांबद्दल ते खरं होतं. त्या एकाबद्दल खोटं होतं, आणि प्रश्न त्या एकाचाच होता. मी घाबरले. मला वाटलं, तू सांगशील. तू सांगितलं नाहीस, आणि मग दर दिवशी ते सांगणं आणखी अवघड होत गेलं.

चार वर्षांपूर्वी घर बदलताना एक निळी वही सापडली. लायब्ररीत नोकरीला होते तेव्हा मी आवडलेले क्लू त्यात उतरवून ठेवायची. १९५७ च्या पानावर तो क्लू आहे, माझ्या अक्षरात, खाली उकल, आणि बाजूला मीच लिहिलंय, 'फारच छान'. म्हणजे चोरीही माझीच. नकळत केली, पण माझी. चार वर्षं ती वही उशीखाली ठेवल्यासारखी टोचतेय आणि मी लोकांची एक एक अक्षराची चूक लाल पेनाने काढतेय.

तुला हे सगळं एका परक्या बाईच्या तोंडून ऐकावं लागतंय. मला दुसरा मार्ग नाही, आणि मला साक्षीदार असावा हे बरंच आहे.

क्लेम, मला माफ कर. इथे एकही अक्षर उरत नाही.

हेस्टर


लडलो, ४ जून

क्लेम,

सोमवारी बँकेची सुट्टी होती, टपाल नव्हतं. मंगळवारी आलं, त्यात तुझं कोडं नव्हतं. बुधवारीही नाही. बारा वर्षांत असं पहिल्यांदा झालं. मिसेस लार्टरही गप्प. मी सकाळी फाटकापाशी उभी असते, टपालवाला लांबूनच मान हलवतो.

तुझा दोष नव्हता अशी दुरुस्ती मी मि. ऑर्मरॉडांना छापायला पाठवली आहे. त्यांचा काल फोन आला.

'हेस्टर, बारा वर्षांपूर्वीचं मढं कशाला उकरताय? ज्यांचा क्लू होता तेही वारले.'

मी म्हणाले, 'माझा भाऊ जिवंत आहे.'

'वाचकांना आठवतसुद्धा नाही.'

'वार्षिक जेवणात दर वर्षी कुणीतरी त्याचं नाव घेतं आणि बाकीचे घसा साफ करतात. आठवतं त्यांना.'

मग ते म्हणाले, 'हे छापलं तर तपासणी तुमच्याकडे ठेवता येणार नाही. तुम्हाला कळतंय ना?'

'नका ठेवू.'

'एवढी काय घाई आहे? ऑक्टोबरात बघू.'

'त्याचे डोळे ऑक्टोबरपर्यंत थांबणार नाहीत, मि. ऑर्मरॉड.'

त्यांनी फोन ठेवला. आज सकाळी त्यांच्या सेक्रेटरीने कळवलं की ११ तारखेच्या अंकात येतंय, कोड्याच्या शेजारी, चौकटीत. मी लिहिलंय तसंच, काटछाट न करता.

तुझं उत्तर नाही म्हणजे तुला मी नको असेन. तसं असेल तर ते दारात सांग. मला आता कुणाच्याही मौनाचा अर्थ लावायचा नाही, माझा एकही बरोबर येत नाही. ११ ला शनिवारी निघते. चार गाड्या बदलाव्या लागतात, श्रूजबरीला तर पाऊण तास बसायचंय. कशी बसणार कोण जाणे.

हेस्टर


क्रोमर, १३ जून

क्लेम,

हे पत्र तुला कुणी वाचून दाखवणार नाही. तू खाली आहेस आणि मी वरच्या खोलीत. बारा वर्षं लोकांना उकल लिहून दिली आणि तुलाच काही लिहिलं नाही, त्यामुळे एखादी गोष्ट कागदावर उतरवल्याशिवाय मला ती खरी वाटत नाही. सकाळचे नऊ वाजलेत, मिसेस लार्टर तुझ्यासाठी किपर मासे भाजतेय आणि सगळ्या घरात धूर आहे.

परवा तू दार उघडलंस. मी म्हणाले, 'क्लेम, मी हेस्टर.' तू माझ्याकडे बघितलंस आणि तोंड फिरवलंस. अगदी पुरतं, भिंतीकडे. माझ्या हातातली बॅग मी खाली ठेवलीही नव्हती. मी म्हणाले, 'बरं', आणि पायरी उतरले. ही तुझी शेजारीण कुंपणापलीकडून ओरडली नसती तर मी स्टेशनावर पोचले असते.

'अहो बाई, चाललात कुठे? तोंड फिरवलं की दिसतं त्याला. डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतोय तो तुम्हाला.'

तू तसाच भिंतीकडे तोंड करून म्हणालास, 'म्हातारी झालीस गं.'

मी म्हणाले, 'तूही काही तरुण नाहीस.'

'मला दिसत नाही ते. माझा फायदा.'

मग आत बसलो. थेल्माने, ती मला आता मिसेस लार्टर म्हणू देत नाही, अंक आणला आणि चौकटीतली दुरुस्ती वाचली. तू म्हणालास, परत वाच. तिने परत वाचली. तू म्हणालास, परत. तिसऱ्यांदा 'माझ्या भावाचा यात काहीही दोष नव्हता' इथे ती चष्मा पुसायला लागली, तेव्हा मी अंक घेतला आणि उरलेलं मी वाचलं. तू ऐकत होतास.

मी विचारलं, 'तू का नाही बोललास, क्लेम?'

'तू बोलशील म्हणून.'

एवढंच म्हणालास. मला वाटलं होतं की तू मला वाचवत होतास, बहिणीसाठी गप्प बसलास वगैरे. वही सापडल्यापासून चार वर्षं त्या कल्पनेवर मी रडतही होते आणि जगतही होते. पण तू नुसती वाट बघत होतास. दर आठवड्याला पाकीट पाठवून. आणि मी ती पाकिटं जपून ठेवत होते.

मग तू म्हणालास, 'बारा वर्षांत किती कोडी झाली असती, हेस्टर?' आवाज चढवला नाहीस. चढवला असतास तर मला सोपं गेलं असतं. मी हिशोब केला, महिन्याला दोन धरून, पण आकडा तोंडातून काढवला नाही. तूच म्हणालास, 'मी रचत होतो. डोक्यात. लिहून काय उपयोग, छापणार कोण? चारशेच्या वर क्लू आहेत. पूर्वी सगळे लख्ख पाठ होते. आता दर महिन्याला दोनचार गळतात.'

'सांग. मी लिहून घेते.'

'का?'

'कारण तुला लिहिता येत नाही, आणि कारण माझ्यामुळे ते लिहिले गेले नाहीत.'

थेल्मा म्हणाली, 'हो म्हण की मेल्या. मला ते दोनदा सांगितलेस, मला कप्पाळ कळतंय.'

'नाव माझं एकट्याचं,' तू म्हणालास. 'बगळा नाही. क्लेमेंट ब्रामॉल.'

मी हो म्हणाले. मला लागलं. इतकं लागेल असं वाटलं नव्हतं, बगळा हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला भाग होता. पण तू मागत होतास ते तुझंच होतं.

काल दिवसभरात साठ झाले. तू खुर्चीत डोळे मिटून सांगतोस, मध्येच थांबतोस, आणि एखादा शब्द सापडत नसला की खुर्चीच्या हातावर मूठ आपटतोस. तीन तर सापडलेच नाहीत, फक्त त्यांची उत्तरं उरलीत. ते क्लू गेले, आणि ते माझ्या खात्यावर गेले. एकाचं उत्तर मला लगेच आलं. 'नाही म्हणून मग अट घातली, की दिसायला लागेल (३)'. 'न', मग 'जर'. नजर. मी खूश होऊन सांगितलं. तू म्हणालास, 'तो सोपा आहे. फेब्रुवारीत सुचला,' आणि पुढचा सांगायला लागलास. बाकीच्यांतले निम्मे मला सुटत नाहीत. उकल विचारली की तू म्हणतोस, 'आधी लिही.' बारा वर्षांपूर्वी तू चांगला होतास. आता तू माझ्या हाताबाहेर गेलायस, आणि हे जगात आज फक्त मला आणि न कळता थेल्माला माहीत आहे.

मी परतीचं तिकीट काढलेलं नाही. थेल्मा म्हणते, वरची खोली तशीही रिकामीच आहे. तू त्यावर काही म्हणाला नाहीस, आणि मी त्याचा काही अर्थ लावलेला नाही.

मी मागितलेल्या माफीबद्दलही तू अजून काही म्हणालेला नाहीस. मी परत विचारणार नाही. खालून हाक मारतोयस, एकसष्टावा आठवलाय, विसरायच्या आत ये म्हणून. येते.